दुर्गंधीचा माग

इ. स. १७५० च्या वसंत ऋतूंत लंडन येथील ओल्ड बेली न्यायालयांत नेहमीप्रमाणें खटल्यांचें काम चालू होतें. न्यायालयाची खोली लहान, तींत माणसांची दाटी, आणि शेजारच्या न्यूगेट तुरुंगांतून आणलेले कैदी महिनोन्‌महिने न धुतलेल्या वस्त्रांनिशीं उभे. खोलींत असह्य दुर्गंधि कोंडली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका भयंकर तापानें न्यायालयांतील मंडळींना गांठलें. लंडनचे लॉर्ड मेयर सर सॅम्युएल पेनंट, दोन न्यायाधीश, शिवाय वकील, पंच आणि प्रेक्षक मिळून कित्येक माणसें दगावलीं. ज्यांनीं इतरांच्या जन्ममरणाचा निवाडा करावयाचा, त्यांचाच निवाडा त्या खोलींतील हवेनें केला, असें लोकांना वाटलें.

उपाय सुचला तो त्या समजुतीला साजेसाच होता. दुर्गंधि हाच रोग, तेव्हां सुगंध हेंच औषध! न्यायालयांत सुवासिक वनस्पति पसरण्यांत येऊं लागल्या आणि न्यायाधीशांच्या हातीं फुलांचे गुच्छ आले. वर्षांतील कांहीं विशेष दिवशीं ओल्ड बेलीचे न्यायाधीश आजहि असे गुच्छ धारण करतात. आतां ती केवळ एक शोभेची रूढि आहे. परंतु त्या काळीं ते गुच्छ म्हणजे प्राणरक्षणाचें शस्त्र होतें, आणि तें शस्त्र अगदीं बोथट होतें. तुरुंगांतील तो ताप कैद्यांच्या कपड्यांतील उवांमुळें पसरतो, ही गोष्ट फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल निकोल यानें १९०९ सालीं दाखवून दिली. गुलाबाच्या वासानें ऊ मरत नाहीं. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, अशांतलाच तो प्रकार होता.

त्याच सुमारास स्टीफन हेल्स नांवाचा एक पाद्री निराळ्या मार्गानें या प्रश्नाचा विचार करीत होता. हवा कोंडून राहिली कीं ती बिघडते. म्हणून तिला झांकूं नये, तर बाहेर घालवावी, असें त्याचें मत होतें. जहाजें, इस्पितळें आणि धान्याचीं कोठारें यांत ताजी हवा खेळविण्यासाठीं त्यानें मोठाले भाते तयार केले. १७५२ सालीं न्यूगेटच्या तुरुंगावर पवनचक्कीनें चालणारें त्याचें यंत्र बसविण्यांत आलें. तें बसवितांना कांहीं कामगारांनाच तुरुंगांतील ताप जडला, यावरून तेथील स्थिति किती बिकट होती याची कल्पना येते. तरीहि हेल्सचा विचार एक पायरी पुढचा होता. दुर्गंधि झांकण्यापेक्षां ती पांगविणें बरें, हें त्यानें ओळखलें. मात्र ती उत्पन्न कोठें होते, या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नव्हता.

तो हात न घातल्याची जबर किंमत लंडन शहरानें पुढच्या शतकांत मोजली. एडविन चॅडविक हा सार्वजनिक आरोग्याचा मोठा कैवारी. त्याच्या कळकळीविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं. परंतु वास म्हणजेच रोग, अशी त्याची ठाम समजूत होती. घरांखालील मैल्याच्या विहिरींना घाण येते, म्हणून त्यांतील मैला गटारांतून थेम्स नदींत लोटून देण्याचा सपाटा त्याच्या प्रेरणेनें सुरू झाला. घरांतील वास कमी झाला, पण थेम्सचें पाणी लोक पीत होते! १८४८-४९ च्या पटकीच्या साथींत लंडनमध्यें सुमारें चौदा हजार माणसें मेलीं. नाकाचें समाधान करतां करतां पोटांत विष गेलें.

पटकी हवेंतून येत नसून पाण्यांतून येते, असें डॉ. जॉन स्नो हा तळमळीनें सांगत होता. १८५४ सालीं ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याशीं त्यानें तेथील मृत्यूंचा संबंध जोडून दाखविला, आणि त्या पंपाचा दांडा काढण्यांत आला. तरीहि बहुतेक जाणत्यांचा विश्वास हवेवरच राहिला. १८५८ च्या उन्हाळ्यांत थेम्स इतकी कुजली कीं पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे क्लोराइड ऑफ लाइमच्या द्रावणांत भिजवून टांगावे लागले. दुर्गंधि खुद्द कायदे करणारांच्या नाकाशीं येऊन भिडतांच वर्षानुवर्षें रेंगाळलेला कायदा कांहीं आठवड्यांत संमत झाला. जोसेफ बॅझलजेट या इंजिनियरानें सुमारें ८२ मैल लांबीचीं मुख्य गटारें बांधून मैला शहराच्या खालच्या अंगाला नेला. दुर्गंधि गेली, आणि तिच्याबरोबर पटकीहि गेली. १८६६ सालीं ती पुन्हां आली, तेव्हां तिचा मुख्य तडाखा लंडनच्या ज्या पूर्व भागांत नवें काम पुरें झालें नव्हतें, त्यालाच बसला. चुकीच्या समजुतीनें झालेलें काम बरोबर ठरलें, कारण या वेळीं वास झांकला गेला नाहीं किंवा दुसऱ्याच्या दारांत लोटला गेला नाहीं; त्याचें मूळच हलविण्यांत आलें. जॉन स्नोला मात्र हें पाहावयास मिळालें नाहीं. त्या दुर्गंधीच्या ऐन दिवसांतच, १८५८ च्या जूनमध्यें, त्याला मृत्यु आला.

दूषित हवेच्या याच कल्पनेंतून पुढें एक अगदीं अनपेक्षित फळ निघालें. अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतांत ॲपलॅचिकोला नांवाच्या बंदरगांवीं डॉ. जॉन गॉरी हिवतापाच्या रोग्यांना औषध देत असे. हिवतापाचें मलेरिया हें नांवच मुळीं ‘वाईट हवा’ या अर्थाच्या इटालियन शब्दांपासून आलेलें. हवा थंड केली तर ती निर्दोष होईल, असें गॉरीला वाटे. म्हणून तो रोग्यांच्या खोलींत छताला बर्फाचें भांडें टांगून ठेवी. दूरदेशींहून येणारा बर्फ पुरेना, तेव्हां त्यानें बर्फ करण्याचें यंत्रच तयार केलें आणि १८५१ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. १८५५ सालीं तो निराश अवस्थेंत मरण पावला. पुढें १८९७ सालीं सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस यानें डांसाच्या पोटांत हिवतापाचे जंतु शोधून काढले आणि वाईट हवेचा सिद्धांत कायमचा ढांसळला. पण गॉरीचें यंत्र टिकलें. ज्या रोगासाठीं तें जन्मलें त्याच्याशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता; तरी घरें आणि मोटारी थंड करणाऱ्या यंत्रांच्या पूर्वजांत त्याची गणना होते.

आधुनिक वातानुकूलनाचा प्रारंभ मात्र माणसाच्या सुखासाठीं झाला नाहीं. तो कागदाच्या सुखासाठीं झाला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील एका छापखान्यांत हवेंतील दमटपणामुळें कागद फुगे व आकसे, आणि एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नसे. १९०२ सालीं विलिस कॅरियर या तरुण इंजिनियरानें थंड नळ्यांच्या वेटोळ्यावरून हवा वाहवून तिच्यांतील पाणी काढून घेण्याची योजना आंखली. थंड पेल्याच्या बाहेरच्या अंगावर जसें दंव जमतें, तसें त्या नळ्यांवर पाणी जमे, आणि हवा कोरडी होऊन पुढें जाई. ही गोष्ट नीट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. वातानुकूलनाचें यंत्र हवा थंड करतें तेव्हां तें पाणीहि काढतें. आणि जेथें पाणी साचतें, तेथें जीव उगवतो.

महाराष्ट्राला थंडावा आणि ओल यांची ही सांगड नवी नव्हती. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून उन्हाळ्याच्या दुपारी शीतल करण्याची रीति येथें जुनी आहे, आणि त्या ओल्या वाळ्याचा वास हें उन्हाळ्याचें एक सुख मानलेलें आहे. १९३४ सालीं मुंबईहून पेशावरकडे जाणाऱ्या फ्रंटियर मेलला थंड हवेचा डबा जोडण्यांत आला, तेव्हां डब्याच्या तळाशीं बर्फाच्या लाद्या ठेवून त्यांवरील हवा पंख्यानें आंत सोडीत आणि वाटेंतल्या स्टेशनांवर बर्फ पुन्हां भरीत. वाळा असो कीं बर्फ असो, तीं साधनें उघडीं होतीं. तीं धुतां येत, उन्हांत वाळवितां येत, बदलतां येत. डोळ्यांआड असें त्यांत फारसें कांहीं नव्हतें.

मोटारींत हें सर्व डोळ्यांआड गेलें. १९३९ च्या नोव्हेंबरांत शिकागोच्या प्रदर्शनांत पॅकार्ड कंपनीनें वातानुकूलित मोटार मांडली. त्या सोयीसाठीं २७४ डॉलर अधिक मोजावे लागत. यंत्राचा थंड भाग मोटारीच्या मागच्या सामानाच्या जागेंत बसविलेला असे, आणि तें बंद करावयाचें तर इंजिन थांबवून, झांकण उघडून, पट्टा हातानें काढावा लागे. एवढा खटाटोप कोण करणार? दोन वर्षांतच ती योजना मागें पडली, आणि नंतर महायुद्धामुळें सारेंच थांबलें. १९५३ सालीं अमेरिकन कंपन्यांनीं पुन्हां हा उद्योग हातीं घेतला, आणि १९५४ च्या नॅश मोटारींत उष्ण व थंड हवेचीं दोन्ही यंत्रें एकत्र करून पुढच्या भागांत बसविण्यांत आलीं. यंत्र लहान झालें, स्वस्त झालें, सुटसुटीत झालें. परंतु त्याच वेळीं त्याचा थंड भाग, ज्याला मोटारीच्या कारखान्यांत कूलिंग कॉइल म्हणतात तो, मोटारीच्या पुढच्या फळीमागें एका बंद, काळोख्या पेटींत जाऊन बसला. तेथें नजर पोंचत नाहीं, ऊन पोंचत नाहीं, आणि मालकाचा हातहि पोंचत नाहीं.

त्या नळ्यांतून फिरणाऱ्या वायूची कथाहि बोधप्रद आहे. आरंभीच्या शीतयंत्रांत अमोनिया व सल्फर डायऑक्साइड यांसारखे विषारी आणि उग्र वासाचे वायु वापरीत. १९२८ च्या सुमारास टॉमस मिज्ली व त्याचे सहकारी यांनीं फ्रिऑन या नांवानें प्रसिद्ध झालेलें द्रव्य सिद्ध केलें. तें पेटत नव्हतें, त्यानें कोणी गुदमरत नव्हतें, आणि त्याला जवळजवळ वासच नव्हता. सर्वांना तें वरदान वाटलें. पण १९७४ सालीं मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनीं असा इशारा दिला कीं, हींच द्रव्यें वातावरणाच्या वरच्या थरांतील ओझोनचें आवरण नष्ट करतील. १९८७ च्या माँट्रियल करारानें त्यांच्या उच्चाटनास आरंभ झाला, आणि नव्या मोटारींत दुसरे वायु आले. नाकाला ज्याची चाहूलहि लागत नव्हती, त्यानेंच साऱ्या पृथ्वीचें छत्र झिजविलें होतें.

मग वातानुकूलित मोटारींत बसतांच येणारा तो कुबट, ओल्या पायमोज्यांसारखा वास कशाचा? तो नळ्यांतल्या वायूचा नसतो. तो कूलिंग कॉइलवर वाढलेल्या बुरशीचा आणि जंतूंचा असतो. कॉइलच्या बारीक पत्र्यांत हवेंतील पाणी जमतें. त्यावर रस्त्यावरची धूळ, झाडांचे परागकण, कपड्यांचे तंतु आणि धुराचे कण चिकटतात. ओल, अन्न आणि काळोख हीं तिन्ही एकत्र आलीं कीं बुरशीला निमंत्रणाची आवश्यकता राहत नाहीं. १९९० च्या दशकांत अमेरिकेंतील संशोधकांनीं वापरलेल्या मोटारींच्या कॉइल तपासल्या, तेव्हां तेथें बुरशीची प्रत्यक्ष वाढ आढळली. मुंबई-कोंकणासारख्या दमट प्रदेशांत, विशेषतः पावसाळ्यांत, हा वास लवकर येतो, त्याचें कारणहि हेंच आहे. मोटार उभी राहिली, पंखा थांबला, कीं ओली कॉइल त्या बंद पेटींत तशीच घाम येत पडून राहते.

हा वास प्राणघातक आहे, असें समजून घाबरण्याचें कारण नाहीं. ती चूक चॅडविकची होती. परंतु तो निव्वळ नाकाचा त्रास आहे, असें समजणेंहि बरोबर नव्हे. दमा किंवा ॲलर्जी असलेल्या माणसाला बुरशीच्या बीजकणांचा उपद्रव होतो, आणि मोटारीच्या लहानशा पेटाऱ्यांत तीच हवा पुन्हां पुन्हां छातींत जाते. लहान मूल किंवा वृद्ध माणूस मागच्या आसनावर बसून खोकूं लागलें, तर त्याचा दोष बाहेरच्या धुळीला देण्यापूर्वीं आंतल्या हवेची चौकशी केलेली बरी. उलट पक्षीं, वास नाहीं म्हणून हवा निर्दोष, असेंहि म्हणतां येत नाहीं. १९७६ सालीं फिलाडेल्फिया शहरांतील एका मोठ्या हॉटेलांत माजी सैनिकांचा मेळावा भरला असतां २२१ माणसें आजारी पडलीं आणि त्यांतील ३४ मरण पावलीं. पुढच्या वर्षीं जो जंतु सांपडला त्याला लीजनेला हें नांव मिळालें. इमारतींच्या शीतयंत्रांतील पाण्याच्या मनोऱ्यांत तो पोसला जातो. मोटारींत असे मनोरे नसतात, परंतु साचलेल्या पाण्याकडे दुर्लक्ष करूं नये हा धडा दोन्हीकडे सारखाच लागू आहे. त्या हॉटेलांत कोणाच्याहि नाकानें आगाऊ सूचना दिली नव्हती.

आतां उपायांचा विचार करतां असें दिसून येतें कीं, मागील काळांतले तिन्ही मार्ग आजहि जसेच्या तसे उपलब्ध आहेत. पहिला मार्ग न्यायाधीशांच्या गुच्छाचा. मोटारीच्या जाळीला अडकविण्याच्या सुगंधी डब्या, टांगतीं पानें, फवारे हीं सर्व त्या गुच्छाचींच भावंडें होत. त्यांनीं बुरशी मरत नाहीं. फक्त चमेलीचा आणि बुरशीचा असे दोन वास एका वेळीं येऊं लागतात. दुसरा मार्ग हेल्सच्या भात्याचा. तो खरोखर उपयोगी आहे. मुक्कामाला पोंचण्यापूर्वीं तीन-चार मिनिटें कॉम्प्रेसर बंद करून बाहेरची हवा घेत ब्लोअर चालू ठेवावा, म्हणजे कॉइल बरीचशी वाळते. सदासर्वदा आंतलीच हवा फिरवीत न राहतां अधूनमधून बाहेरची हवा घ्यावी. उन्हाळ्यांत मोटार उघडून ऊन-वारा लागूं द्यावा. ही संवय अगदीं बिनखर्ची असून वास पुन्हां येऊं नये यासाठीं हिच्याइतका सोपा उपाय दुसरा नाहीं.

परंतु वास एकदां मुरला म्हणजे बॅझलजेटचाच मार्ग धरावा लागतो. म्हणजे मूळ शोधून तें काढावें लागतें. त्यांत पहिली तपासणी पाण्याच्या वाटेची. दमट दिवशीं एसी चालू असतां मोटारीखालीं पाणी टिपकलें पाहिजे. तें टिपकत नसेल आणि पुढच्या आसनापाशीं पायाखालचा गालिचा ओला लागत असेल, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे असें समजावें आणि ती प्रथम मोकळी करवून घ्यावी. दुसरी तपासणी फिल्टरची. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून मोटारींत आंत येणारी हवा गाळण्यासाठीं फिल्टर बसविण्याची पद्धत सुरू झाली. पुष्कळ मोटारींत तो समोरच्या कप्प्यामागें असतो. तो काळा पडला किंवा ओलसर झाला असेल तर बदलावा. झटकून पुन्हां बसविणें म्हणजे उष्टें ताट पुसून वाढण्यासारखें आहे. तिसरें काम खुद्द कॉइल धुण्याचें. यासाठीं फेसाचीं तयार द्रव्यें मिळतात, आणि तीं नेमकीं कॉइलपर्यंत पोंचलीं तरच काम करतात. म्हणून तें माहितगार कारागिराकडून करवून घ्यावें. धुतल्यानंतर दारें उघडीं ठेवून ब्लोअर चालवावा आणि मगच आंत बसावें. ओझोनचीं यंत्रें लावण्याचीहि प्रथा आहे; परंतु ओझोन आकाशांत रक्षक असला तरी फुप्फुसांत भक्षक आहे. तो सोडलेला असतां मोटारींत कोणी बसूं नये, आणि नंतर हवा पूर्ण बदलूं द्यावी. गालिचे व आसनें ओलीं असतील तर तीं वाळविल्यावांचून यांपैकीं कोणत्याहि उपायाचा टिकाव लागत नाहीं.

मात्र प्रत्येक वास बुरशीचा नसतो, आणि येथेंच नाकाची खरी योग्यता कळते. गोडसर वास येऊन कांचेवर चिकट धुकें जमूं लागलें, तर इंजिन थंड ठेवणारें द्रव गळत असण्याचा संभव असतो. कुजकट वास वाढत गेला, तर हवेच्या वाटेंत उंदीर मरून पडलेला सांपडतो. पेट्रोलचा किंवा जळकट वास आला, तर मोटार थांबवून ती तज्ज्ञाला दाखविणें हेंच शहाणपणाचें. अशा वेळीं सुगंधी डबी लावणें म्हणजे चोर आल्याची वर्दी देणाऱ्या रामोशाचें तोंड बांधण्यासारखें आहे.

ओल्ड बेलीपासून मोटारीपर्यंतच्या या इतिहासांत एकच गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. नाक हा वर्दी देणारा आहे. तो न्यायाधीश नव्हे. त्याच्या शब्दावर विसंबून निकाल दिला, तेव्हां थेम्समध्यें मैला गेला आणि शहर मेलें. त्याची वर्दी फुलांनीं झांकली, तेव्हां रोगाचें मूळ तसेंच राहिलें. आणि त्याच्या वर्दीवरून माग काढीत लोक मूळ ठिकाणापर्यंत गेले, तेव्हांच शहरें आणि घरें राहण्याजोगीं झालीं. मोटारींतील कुबट वास ही त्यामानानें अगदीं किरकोळ बाब आहे. पण मागच्या आसनावर झोंपलेल्या मुलाच्या श्वासांत कोणती हवा जाते, हा प्रश्न किरकोळ नाहीं. आणि त्याचें उत्तर सुगंधाच्या डबींत नसून, समोरच्या फळीमागच्या त्या काळोख्या पेटींत आहे.